शेजारच्या दुकानाची गर्दी आपल्या गल्ल्यात किती उतरते?

प्रश्न असा आहे: दुकानासाठी दोन गाळे पाहून ठेवले आहेत. पहिल्याला लागूनच एक मोठे, दिवसभर गजबजलेले दुकान आहे आणि त्याच कारणाने मालक भाडे चढे सांगतो. दुसरा थोडा आडबाजूला आहे, पण स्वस्त आहे. शेजाऱ्याचा फायदा खरोखर किती होतो, करार करण्याआधी तो कसा ताडायचा, आणि जागा घेतल्यावर तो वाढवता येतो का?

फायदा होतो. मात्र शेजारच्या गर्दीतले तुमचे तेवढेच, ज्यांची वाट तुमच्या दारावरून जाते, ज्यांच्या हाती तेव्हा वेळ असतो आणि ज्यांचे त्या फेरीतले काम तुमच्या मालाशी किंवा सेवेशी जुळते. डोळ्यांना दिसणाऱ्या गर्दीच्या मानाने हा आकडा बहुतेक वेळा फारच लहान निघतो. तो मोजता येतो, आणि मोजल्याशिवाय चढे भाडे कबूल करू नये.

आधी स्वतःच्या धंद्याकडे बघा. दुकानांच्या जागांचा अभ्यास करणारे रिचर्ड नेल्सन यांनी १९५८ मध्ये गिऱ्हाइकांची एक विभागणी मांडली, ती आजही कामाची आहे. काही माणसे मुद्दाम तुमच्याकडे म्हणून घरून निघतात. काही शेजाऱ्याकडे आलेली असतात आणि जाता जाता तुमच्याकडे डोकावतात. उरलेल्यांचे तिथे येण्याचे कारण खरेदी हे नसतेच. नोकरी, प्रवास, दवाखाना, शाळा अशा कामांनी ती आलेली असतात. स्टेशनवरचा वर्तमानपत्रांचा स्टॉल जवळजवळ पूर्णपणे या तिसऱ्या गटावर चालतो. नाव ऐकून लांबून लोक येतात अशा वाद्यदुरुस्तीच्या दुकानाचा भार पहिल्या गटावर असतो. अशा दुकानाने गजबजलेल्या शेजाराचे भाडे भरणे म्हणजे दुसऱ्याच्या गिऱ्हाइकांसाठी पैसे मोजणे. त्याला सोपे पार्किंग, सापडायला सोपा पत्ता आणि प्रशस्त जागा यांचा उपयोग जास्त. भेटवस्तू, मोबाईलचे सुटे सामान, मोजे-रुमाल, झेरॉक्स असले धंदे दुसऱ्या आणि तिसऱ्या गटावर जगतात. त्यांच्यासाठी शेजारी हाच धंद्याचा निम्मा पाया आहे.

शेजारी पारखताना पहिला प्रश्न विचारा: त्याच्याकडे एक माणूस किती वेळा येतो? किराण्याच्या दुकानात माणूस आठवड्यातून एकदा तरी जातो, केस कापायला महिना-दीड महिन्याने, चष्मा बदलायला काही वर्षांनी. कमी फेऱ्यांच्या धंद्याने जास्त फेऱ्यांच्या धंद्याशेजारी बसावे. उलट बसून काही मिळत नाही. चष्म्याच्या दुकानाला किराण्याचा शेजार मिळाला तर त्याची पाटी एकाच माणसाच्या नजरेखालून वर्षात पन्नासएक वेळा जाते, आणि ज्या दिवशी काडी मोडते त्या दिवशी आठवते. हा फायदा त्या-त्या दिवसाच्या पावत्यांत दिसत नाही, म्हणून पुढे सांगितलेल्या मोजणीतूनही निसटतो. त्याची वेगळी नोंद हवी: नव्या गिऱ्हाइकाला ‘दुकान कसे माहीत झाले’ एवढे विचारायचे आणि उत्तर पावतीच्या स्थळप्रतीवर एका अक्षरात लिहून ठेवायचे.

दुसरा प्रश्न: शेजाऱ्याकडून निघालेल्या माणसाच्या हातात काय असते? जड, गार ठेवायच्या आणि नासणाऱ्या वस्तू माणूस शेवटी घेतो. त्यामुळे किराणा किंवा दूध-मांस हा बहुधा फेरीतला शेवटचा थांबा असतो. तिथून बाहेर पडलेल्याला घर गाठायचे असते आणि दोन्ही हात अडकलेले असतात. अशा दुकानाच्या ‘आत जाणाऱ्या’ वाटेवर, म्हणजे पार्किंग किंवा बसथांबा आणि त्याचे दार यांच्या मध्ये, जागा मिळाली तर उत्तम. त्याच्या पलीकडे मिळाली तर शेजारी असूनही फायदा बराच घटतो. दोन गाळ्यांत वीस पावलांचा फरक असला तरी धंद्यात फरक पडतो तो यामुळे.

याच्या उलट लाँड्री, शिंपी, बूटदुरुस्ती. या धंद्यांत एका कामाला दोन फेऱ्या होतात, एक काम टाकायला आणि एक न्यायला. काम टाकून निघालेला माणूस रिकाम्या हातांनी निघतो. म्हणजे मोकळे हात, थोडा वेळ आणि ठरलेल्या दिवशी पुन्हा येण्याची खात्री, तिन्ही गोष्टी एकत्र. लहान लाँड्रीकडे कोणी ‘चांगला शेजारी’ म्हणून बघत नाही, पण मी तिला बँकेच्या वर ठेवीन. बँकेत गर्दी असते खरी. तरी माणूस घाईत असतो, दर्शनी भाग बहुधा बंद काचेचा किंवा भिंतीचा असतो, आणि तुमचा धंदा रंगात येतो त्या संध्याकाळच्या वेळी तिचे शटर खाली असते.

बंद दर्शनी भागाचा परिणाम लोक कमी लेखतात. रमतगमत दुकाने बघत चालणारा माणूस पुढे काही दिसत नाही म्हटल्यावर मागे वळतो. दहा-पंधरा मीटर सलग भिंत, पडदे लावलेले कार्यालय किंवा दोन रिकामे गाळे एवढे पुरते. गजबजलेले दुकान आणि तुमचे दुकान यांच्या मध्ये असा पट्टा असेल तर ते दुकान शेजारी समजू नका. रस्त्यापलीकडच्या दुकानालाही हेच लागू: ओलांडायला सोपी जागा नेमकी तुमच्या समोर नसेल तर ते हिशेबातून वगळा.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा मुद्दा: शेजारी आपल्याच धंद्यातला असेल तर?

याचे उत्तर मालावर ठरते. कपडे, बूट, दागिने, फर्निचर, गाड्या, या गोष्टी माणूस चार ठिकाणी बघून, तुलना करून घेतो. अशा धंद्यात एकत्र बसण्याने गिऱ्हाइकाची शोधाची दगदग वाचते, म्हणून ते जास्त लांबून येते. किती लांबून, याचा अंदाज गुरुत्वाकर्षणाच्या धर्तीवरच्या हिशेबातून येतो. १९३१ मध्ये विल्यम रायली यांनी दोन शहरांतल्या बाजारपेठांसाठी तो मांडला आणि १९६० च्या दशकात डेव्हिड हफ यांनी तो दुकानांना लावला: ओढ ही दुकानाच्या आकाराच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या एखाद्या घाताने घटते. घात २ धरू, म्हणजे आकाराला अंतराच्या वर्गाने भागायचे. एका बाजूला ५० चौरस मीटरचे एकटे बुटांचे दुकान, घरापासून ५ मिनिटांवर. दुसरीकडे तशीच चार दुकाने एकत्र, म्हणजे २०० चौरस मीटर, पण १० मिनिटांवर. एकट्याची ओढ ५० भागिले २५, म्हणजे २. चौघांची २०० भागिले १००, म्हणजे तीही २. चार दुकाने एकत्र आली की दुप्पट अंतरावरूनही ती एकट्या जवळच्या दुकानाशी बरोबरी करतात. अंतर दुप्पट झाले की क्षेत्रफळ चौपट होते, म्हणजे वस्ती सारखी पसरलेली असेल तर चौघांना वाटून घ्यायला चौपट वस्ती मिळते. शिवाय एकट्याच्या वाट्याला कधीच आले नसते असे ‘आज बूट घ्यायचेच’ म्हणून निघालेले गिऱ्हाईक मिळते ते वेगळेच. घात मालाप्रमाणे बदलतो. रोजच्या वस्तूंसाठी लोक अंतर फार सोसत नाहीत, क्वचित घेण्याच्या वस्तूंसाठी सोसतात.

पण इथे एक खोच आहे. दोन विक्रेते एका सरळ रस्त्यावर जागा निवडताना मध्याकडे सरकत एकमेकांना चिकटतात, हे अर्थशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉटेलिंग यांचे १९२९ चे उदाहरण बरेच जण ऐकून असतात आणि त्यावरून ‘स्पर्धकाच्या शेजारीच बसावे’ असा अर्थ काढतात. १९७९ मध्ये द’आस्प्रेमाँ, गाब्सेविच आणि तीस यांनी त्या गणितातली चूक दाखवली: माल तंतोतंत सारखा असेल आणि दोघे जवळजवळ बसले असतील तर कोणत्याही दरावर दोघे स्थिरावत नाहीत. एकाने दर किंचित उतरवला की दुसऱ्याचे सगळे गिऱ्हाईक पळते, मग दुसरा उतरवतो. दुकानदाराच्या भाषेत सांगायचे तर, त्याच कंपनीचा, त्याच नगाचा, छापील किमतीचा माल विकणारी दोन दुकाने शेजारी आली की दोघांचाही नफा झिजतो. मोबाईल रिचार्ज, पॅकबंद माल, सिमेंटच्या गोण्या ही अशी उदाहरणे. म्हणून स्पर्धकाशेजारी बसण्याआधी त्याच्या मालाची यादी आपल्या यादीला लावून बघा. निम्म्याहून जास्त वस्तू हुबेहूब त्याच असतील तर तिथे बसू नये. प्रकार एकच पण मापे, दर्जा, किंमतपट्टा वेगळा असेल, म्हणजे त्याच्याकडे लहान मुलांचे बूट आणि तुमच्याकडे खेळाचे, तर जरूर बसावे. मग ‘आमच्याकडे नाही, शेजारी बघा’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी फिरू लागते.

वेगवेगळ्या पण पूरक धंद्यांसाठी नेल्सन यांनी एक सूत्र दिले आहे. दोघे शेजारी आल्याने होणारी एकूण वाढ काढायला चार गोष्टींचा गुणाकार करायचा: गिऱ्हाइकांच्या देवघेवीचे प्रमाण, दोघांची मिळून उलाढाल, लहानाची उलाढाल भागिले मोठ्याची उलाढाल, आणि दोन्हीकडच्या ठरवून केलेल्या खरेदीच्या प्रमाणांची बेरीज. समजा मोठ्याची रोजची उलाढाल ८,००० एकक, तुमची २,०००. दहा टक्के गिऱ्हाईक दोन्हीकडे जाते. त्याच्याकडे ६० टक्के आणि तुमच्याकडे ५० टक्के खरेदी ठरवून होते. मग ०.१० × १०,००० × ०.२५ × १.१ = २७५ एकक. तेवढीच एकूण उलाढाल दोघांत ५,००० - ५,००० अशी समान असती तर तिसरा आकडा १ झाला असता आणि वाढ १,१०० निघाली असती.

यातून निघणारी गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही: प्रचंड मोठ्या शेजाऱ्यापेक्षा आपल्याच तोडीचे दोन-तीन शेजारी जास्त कामाचे. तरी २७५ ला हिणवू नका. त्यातले निम्मे जरी तुमच्याकडे आले तरी तुमच्या २,००० वर ती जवळजवळ ७ टक्के वाढ आहे. मोठ्याला तोच निम्मा भाग दोन टक्केही नाही. मोठा शेजारी तुमच्या संयुक्त योजनेत रस का घेत नाही, याचे कारणही इथेच सापडते. हे सूत्र दार कुठे आहे, वेळा जुळतात का, मध्ये भिंत आहे का, यातले काही विचारात घेत नाही. दोन जागांची आपसांत तुलना करायला ते वापरा, पुढच्या महिन्याची विक्री वर्तवायला नको.

देवघेवीचे प्रमाण कुठून आणायचे? उभे राहून मोजून. त्यासाठी निदान तीन दिवस द्या: एक साधा कामाचा दिवस, एक सुटीचा, आणि शेजाऱ्याचा सगळ्यात मंद दिवस. दुकान उघडे असण्याच्या प्रत्येक दोन तासांच्या टप्प्यात १५ मिनिटे मोजा आणि त्याला ८ ने गुणा. वहीत चार रकाने आखा: शेजाऱ्याच्या दारातून बाहेर पडलेले, त्यातले तुमच्या गाळ्याच्या बाजूला वळलेले, त्यातले चाल मंदावून दुकानांकडे बघणारे, आणि आसपासच्या दुसऱ्या एखाद्या दुकानात प्रत्यक्ष शिरलेले. उभे राहायचे ते रस्त्याच्या पलीकडे; दाराशी उभे राहिलात तर लोक तुम्हाला वळसा घालून जातात आणि आकडा बिघडतो.

इथे चुका ठरलेल्या असतात. तिघांचे कुटुंब तीन गिऱ्हाइके म्हणून मोजले जाते. पाकीट एकच असते, म्हणून माणसे न मोजता गट मोजा. माल पोचवणारे, कर्मचारी, समोर उभे राहून फोनवर बोलणारे आकड्यात घुसतात. शेजाऱ्याकडे सवलतीचा सप्ताह चालू असताना केलेली मोजणी फेकून द्यायची. आणि मालक जागा दाखवायला ज्या वेळी बोलावतो ती वेळ सगळ्यात गर्दीची असते, हे वेगळे सांगायला नको.

आता हा आकडा भाड्याला लावू. समजा शेजाऱ्याकडून दिवसाला ४०० गट बाहेर पडतात. त्यातले २४० तुमच्या बाजूला वळतात. त्यातला आठातला एक थबकतो, म्हणजे ३०. थबकलेल्यांतले एक तृतीयांश आत येतात, १०. आलेल्यांतले निम्मे काहीतरी घेतात, ५. चारशे गटांतून पाच पावत्या झाल्या. प्रमाणे तुमच्या मोजणीची घाला, साखळी हीच राहते. दुसरीकडे, दोन गाळ्यांच्या मासिक भाड्यातला फरक तुमच्या सरासरी पावतीने भागा. उत्तर ६० आले आणि तुमचा ढोबळ नफा २५ टक्के असेल, तर ६० ला ०.२५ ने भागून २४० जादा पावत्या महिन्याला लागतील. २६ दिवस दुकान उघडे धरले तर रोज सव्वानऊ. मिळतात पाच, लागतात सव्वानऊ: अशा वेळी स्वस्त गाळा घ्या, किंवा हाच कागद मालकापुढे ठेवून भाडे उतरवून घ्या. नुसत्या ‘भाडे जास्त वाटते’पेक्षा हा कागद जास्त काम करतो.

साखळीतली सगळ्यात लवचीक कडी ‘थबकणे’ ही आहे, आणि ती तुमच्या हातात असते. वळणारा माणूस तुमच्या दुकानाला समांतर चालत असतो. भिंतीला चिकटलेली पाटी त्याला तिरकी, म्हणजे वाचता न येणारी दिसते. भिंतीपासून काटकोनात बाहेर आलेली पाटी त्याला दुरून वाचता येते. करार करण्याआधी अशी पाटी लावायची परवानगी आहे का, आणि शेजाऱ्याचे छत किंवा ताडपत्री ती झाकते का, हे बघून घ्या.

जागा आधीच घेतली असेल तर मोजणीऐवजी काउंटरवर दोन प्रश्न: इथे येण्याआधी कुठे गेला होता, इथून कुठे जाणार? शंभर उत्तरांत २० टक्के लोकांनी शेजाऱ्याचे नाव घेतले तर खरा आकडा साधारण १२ ते २८ च्या दरम्यान असू शकतो. चारशे उत्तरे घेतली तर १६ ते २४. त्यामुळे शंभर उत्तरांवर ‘या महिन्यात १८ होते, आता २२ झाले’ म्हणून आनंद मानू नका. तो फरक नुसता योगायोगाचाही असू शकतो.

सेवा देणाऱ्यांच्या जागेचे गणित थोडे वेगळे आहे, कारण तिथे माणूस थांबतो. गाडीची सर्व्हिसिंग, रक्ततपासणी, मोबाईलदुरुस्ती, मुलांचे क्लास, यांच्या शेजारी बसणाऱ्याला दुसऱ्याने निर्माण केलेला रिकामा वेळ मिळतो. दहा मिनिटांच्या थांब्यात कोणी हलत नाही. वीस मिनिटे ते तासभर हा तुमचा पट्टा. दोन तास म्हटले की माणूस घरी जाऊन येतो. पण खरी मेख नंबर पुकारण्याच्या पद्धतीत आहे. जिथे नाव मोठ्याने पुकारतात आणि हजर नसला की नंबर जातो, तिथले लोक खुर्ची सोडत नाहीत. शेजारी दवाखाना तुडुंब भरलेला असून तुमच्याकडे चिटपाखरू फिरकत नाही. तोच दवाखाना फोनवर संदेश पाठवून बोलावू लागला की तीच माणसे बाहेर पडतात. म्हणून अशा शेजाऱ्याकडे एकदा स्वतः गिऱ्हाईक म्हणून बसून बघा. त्याची पुकारण्याची पद्धत तुम्ही सुचवून बदलू शकलात तर त्याचीही प्रतीक्षाखोली मोकळी होते, त्यामुळे तो ऐकून घेण्याची शक्यता बरी असते. दवाखान्यातून परत जाणारा माणूस आजारी असतो हेही विसरू नका. त्याला औषध, पाणी, फळे हवी असतात, पडदे आणि सोफा नको.

शेजारी नुकसानही करतो, आणि ते भाडेकरारात कुठे लिहिलेले नसते. पार्किंग हे पहिले. एका गाडीच्या जागेवर आठ तासांत वीस-वीस मिनिटे थांबणाऱ्या २४ गाड्या येऊन जातात. दोन-दोन तास थांबणाऱ्या फक्त चार. शेजारी व्यायामशाळा, चित्रपटगृह किंवा लग्नाचा हॉल असेल आणि तुमचा धंदा झटपट खरेदीचा असेल, तर त्याची गर्दी तुमच्या जागा गिळते. वेळा एकमेकांना छेदत नसतील तरच हा शेजार चालतो. दुसरे म्हणजे रांग. त्याच्या दाराशी लागलेली रांग तुमच्या दारावरून जात असेल तर ती तुमच्यासाठी भिंत आहे. रांग दुसऱ्या बाजूला वळवण्याचे ठरवून घ्या, जमिनीवर पट्टी मारून घेतली तर लोक पाळतात.

वास, धूळ आणि हादरा यांची तपासणी गाळा बंद ठेवून करा. तळणीचा धूर कपड्यात आणि कागदात मुरतो. कपड्याच्या दुकानात तो आठवडाभरात गिऱ्हाइकाच्या नाकाला कळतो, तुमच्या नाकाला मात्र तोवर सवय झालेली असते. शेजाऱ्याच्या धुराड्याचे तोंड आणि तुमची हवा आत घेण्याची जागा यांतले अंतर बघा. लाकूडकामाची बारीक धूळ इलेक्ट्रॉनिक मालावर बसते. वरच्या मजल्यावर वजने आदळत असतील तर सूक्ष्म वजनकाटा, कानांची तपासणी, मसाज असली कामे तिथे होत नाहीत. सामाईक गटार असेल तर खाद्यगृहाच्या चिकट सांडपाण्याने ते तुंबते आणि पाणी सगळ्यात खालच्या गाळ्यात उलटते. तो गाळा तुमचा आहे का, हे मजल्याची पातळी बघून आधीच कळते.

मोठ्या शेजाऱ्याच्या जोरावर भाडे ठरत असेल तर तो टिकेल का हा प्रश्न भाड्याइतकाच मोठा आहे. व्हिक्टर ग्रूएन यांनी आखलेले, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातले साउथडेल हे बंदिस्त, वातानुकूलित खरेदीकेंद्र १९५६ मध्ये उघडले तेव्हा दोन प्रतिस्पर्धी मोठी दुकाने एकाच छपराखाली आणली गेली आणि लहान दुकानांना त्यांच्यामधल्या वर्दळीचा लाभ झाला. पुढे हीच रीत रूढ झाली: मोठ्याला जागेच्या मानाने फार कमी भाडे, आणि ती सूट लहानांच्या चढ्या भाड्यातून वसूल. पाशिगियन आणि गूल्ड यांच्या १९९८ च्या अभ्यासात हे भाड्याच्या आकड्यांवरून दाखवले आहे. म्हणजे शेजाऱ्याच्या ओढीचे पैसे तुम्ही आधीच भरत असता. मग ती ओढ गेली तर भाडेही उतरायला हवे.

हे करारात लिहून घ्यायचे असते. अमुक दुकान किंवा तमुक इतके टक्के गाळे ‘गिऱ्हाइकांसाठी उघडे’ नसतील तर भाडे ठरावीक प्रमाणात उतरेल, आणि बारा महिन्यांत तेवढ्याच तोलाचा नवा भाडेकरू आला नाही तर तुम्हाला दंडाशिवाय गाळा सोडता येईल. ‘गिऱ्हाइकांसाठी उघडे’ हे शब्द महत्त्वाचे. नुसते ‘भाडेकरू असेपर्यंत’ असे लिहिले तर शटर पाडून भाडे भरत राहणारा शेजारीही अटीत बसतो आणि तुमच्या हाती काही लागत नाही. मोठ्याचा करार किती वर्षे उरला आहे हेही विचारा. त्याची दोन उरली असतील आणि तुम्ही पाच वर्षांसाठी बांधून घेत असाल तर शेवटच्या तीन वर्षांची हमी कोणाचीच नाही.

त्याच धंद्याचा दुसरा भाडेकरू न ठेवण्याची अट घालताना दुकानाचा प्रकार न लिहिता मालाची यादी लिहा. ‘दुसरे औषधांचे दुकान नको’ असे लिहिले तर मोठे किराणा दुकान आत औषधांचा कोपरा उघडते. ‘कोणत्याही भाडेकरूने या वस्तूंसाठी विक्रीक्षेत्राच्या दहा टक्क्यांहून जास्त जागा वापरू नये’ अशी मर्यादा घातली की पळवाट बुजते. लहान दुकानदाराला या सगळ्या अटी मिळतीलच असे नाही. एकच मिळणार असेल तर मोठा शेजारी बंद पडल्यावर भाडे उतरण्याची मागा.

शेवटी, आहे त्या शेजाऱ्याकडून जास्त काय मिळवता येईल. एकमेकांच्या सवलतीच्या चिठ्ठ्या वाटणे हा सर्वांना सुचणारा आणि सर्वात जास्त फसणारा उपाय. तो फसतो काउंटरवर: चिठ्ठ्या खणात राहतात आणि घाईच्या वेळी कोणी काढत नाही. त्या पिशवी भरण्याच्या जागी, हाताला लागतील अशा ठेवा. प्रत्येक शेजाऱ्याच्या चिठ्ठीचा रंग वेगळा, मुदत दोन आठवडे, सवलत एका विशिष्ट वस्तूवर किंवा सेवेवर. सगळ्या मालावर सवलत दिली तर तुमच्या नेहमीच्याच गिऱ्हाइकांच्या हाती ती पडते. दर आठवड्याला वाटलेल्या आणि परत आलेल्या चिठ्ठ्या मोजा. शंभरात दोन-तीनही परत येत नसतील तर एक तर वाटल्याच जात नाहीत किंवा गिऱ्हाईक जुळत नाही. शेजाऱ्याच्या काउंटरवर पाच मिनिटे उभे राहिलात की यातले कुठले ते कळते.

चिठ्ठ्यांपेक्षा वेळ जुळवण्याचा परिणाम मोठा असतो, आणि त्याला खर्च नाही. पाचपैकी दोन दुकाने आठ वाजता बंद झाली की उरलेल्या तिघांसमोरचा रस्ता अंधारतो. साप्ताहिक सुटी, बंद करण्याची वेळ आणि शटर पडल्यावरही काही वेळ चालू ठेवायचा समोरचा दिवा, एवढ्या तीन गोष्टींवर शेजाऱ्यांची एक बैठक पुरते. याखेरीज सुटे पैसे, कुरिअरचे पार्सल घेऊन ठेवणे, पुठ्ठ्याची रद्दी एकत्र विकणे, रात्रीचा पहारेकरी वाटून घेणे हे आपोआप जमत जाते.

बैठकीत दरांची गोष्ट निघाली तर मात्र विषय बदला. एकाच धंद्यातल्या शेजाऱ्यांनी आपसांत दर ठरवणे बहुतेक देशांत स्पर्धा कायद्याने गुन्हा किंवा दंडनीय आहे, तोंडी ठरवले तरी. डॉक्टर, तपासणी प्रयोगशाळा, औषधांचे दुकान यांच्यात रुग्ण पाठवण्याबद्दल पैसे घेणे-देणे हेही अनेक ठिकाणी बेकायदा आहे. तिथे रंगीत चिठ्ठीचा खेळ करू नका. फार तर दोघांनी मिळून प्रतीक्षाखोलीत बाके वाढवावीत आणि एकमेकांच्या उघडण्या-बंद होण्याच्या वेळांचा फलक लावावा.